घर ठणठणीत निघालं तर

१२ जानेवारी

प्रिय दादा,

फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

बातमी अशी की आम्ही घर घेतोय. शहरापासून लांब, बसने अर्धा दिवस लागतो, डोंगराच्या पायथ्याशी. जुनं दगडी घर आहे. वर कौलं, आत लाकडी माळा, मागे विहीर आणि थोडी फळझाडं. मालक गुरांचे डॉक्टर होते, आता थकलेत, मुलीकडे राहायला जाणार आहेत. आम्ही हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचा, खालचं माझं शिवणाचं दुकान बंद करायचं आणि उरलेलं आयुष्य तिकडे काढायचं, असं ठरतंय.

ह्यांचा जीव जडलाय त्या घरावर. तू बघायला हवं होतंस. डेपोतून निवृत्त झाल्यापासून हे किती गप्प असतात ते तुला माहीत आहे. पण त्या घरात शिरले आणि कितीतरी वेळ नुसते आढ्याकडे बघत उभे राहिले. मी विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "काही नाही. छान आहे. तुला आवडलं ना?" मी म्हटलं, "खूप." मग दोघंही गप्प. परत येताना ह्यांनी माझा हात हातात घेतला. बसमध्ये, चारचौघांत! मी काय समजायचं ते समजले.

पुढच्या महिन्यात बयाणा द्यायचा. तो एकदा दिला की माघार नाही, डॉक्टर तसे कडक आहेत. घर एखाद्या इंजिनिअरला दाखवावं का, असं मी नुसतं म्हणून पाहिलं, तर त्यांना राग आला. म्हणाले, "माझ्या आजोबांनी बांधलंय. मी रोज त्यात झोपतो. ह्याला काय तपासायचंय?" खरंच आहे म्हणा. इतकी वर्षं पडलं नाही ते आता कशाला पडेल?

तू काय म्हणतोस? खूश आहेस ना?

तुझी,
चिमी


१८ जानेवारी

चिमे,

खूश? तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो तो अजून बसलेलो नाही. हे उभ्यानेच लिहितोय.

इतकी वर्षं पडलं नाही म्हणून आता पडणार नाही, हे तर्कशास्त्र तू कुठल्या बाजारातून आणलंस? जगात आजवर जेवढ्या भिंती कोसळल्या, त्यातली प्रत्येक भिंत आदल्या दिवशी उभीच होती! आणि डॉक्टर रोज त्यात झोपतात. झोपलेल्या माणसाची साक्ष कोणत्या कोर्टात चालते?

तू कापड घेताना काय करतेस ते मी डोळ्यांनी पाहिलंय. उजेडात नेतेस. धागा उपसून बघतेस. कोपरा ओला करून रंग जातो का ते पाहतेस, आणि तेही दुकानदाराच्या तोंडावर. तो बिचारा घामाघूम होतो. तीच तू घर घेताना हात मागे बांधून "खूप" म्हणतेस?

हजारो वर्षांपूर्वी एका राजाने दगडावर कायदा कोरून ठेवला होता. घर पडून मालक मेला, तर बांधणाऱ्याचा जीव घ्यायचा. क्रूर कायदा होता, मला तो मुळीच पसंत नाही. पण त्या राजाला एवढं कळत होतं की भिंतीबद्दल कुणीतरी जबाब द्यायला हवा. तुमच्या व्यवहारात जबाब कोण देणार आहे? डॉक्टरांचे आजोबा?

गोदीच्या फाटकावर मी आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आलो. लाउडस्पीकर चालू असला तर त्याच्यावरून, बंद पाडला तर घसा फाडून. विचारा! ज्याच्या हाती तुमचं आयुष्य द्यायचं, त्याला आधी प्रश्न विचारा. मालकाला विचारा, सरकारला विचारा, मला विचारा. हजारो माणसांनी ते ऐकलं. आणि माझी सख्खी बहीण एका भिंतीला प्रश्न विचारायला लाजते!

बयाण्याआधी तपासणी. पाया, भिंती, छप्पर, लाकूड, ओल, सगळं, आणि तेही लेखी. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे. ज्याचं घर मजबूत आहे त्याला हातोडीची भीती कशाला? हे पत्र तुझ्या नवऱ्याला, आमच्या जावईबापूंना, मोठ्याने वाचून दाखव.

दादा

ता. क. खूश आहे का म्हणून विचारलंस. तुम्ही दोघं असाल तर मी आहे.


२४ जानेवारी

दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी जुन्या डेपोच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय. हिला माहीत नाही आणि कळू द्यायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच पुढे वाचा.

केलंत? बरं.

मला ते घर नको आहे.

झालं असं. रविवारच्या पेपरात जाहिरातींचं पान होतं. ही चष्मा लावून ते पान कितीतरी वेळ बघत होती. चहा गार झाला तरी मान वर नाही. मी मागून डोकावलो तर घराचा फोटो. जिने चढवत नाहीत, गुडघे गेले, असं ही रोज म्हणते. मला वाटलं, हिला मोकळ्या जागेची, अंगणाची आस लागलीये आणि सांगायला संकोचतेय. मी फोटोवर बोट ठेवून म्हटलं, छान आहे, बघून यायचं का? तर ही इतकी चटकन हो म्हणाली की माझा मार्गच खुंटला.

तिकडे गेलो. मी आढ्याकडे बघत होतो ते ह्या विचाराने, की आता मरेपर्यंत रोज सकाळी डोळे उघडले की हेच दिसणार. आणि ती शांतता! दादा, माझा जन्म इंजिनांच्या आवाजात गेला. सकाळची पहिली गाडी डेपोतून निघते तिने मला जाग येते, आणि कुठल्या गाडीचा क्लच घासतोय ते मी अंथरुणातून सांगतो. दुपारी कँटीनमध्ये जुने दोस्त भेटतात, नव्या मेकॅनिकांना शिव्या देतो, दिवस जातो. तिथे काय ऐकू? पेरूची पानं?

पण "खूप" म्हणताना हिचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं. हिने माझ्या रात्रपाळ्या सांभाळल्या, तेलाने माखलेले कपडे धुतले, दुकान चालवलं आणि कधी काही मागितलं नाही. आता एवढं एक मागतेय तर मी नाही कुठल्या तोंडाने म्हणू? बसमध्ये हिचा हात धरून बसलो, पण तोंडातून शब्द निघाला नाही. निघणारही नाही.

म्हणून सांगतो, तुमचं पत्र ही वाचत होती तेव्हा मी आनंदाने टेबलाखाली पाय हलवत होतो. तपासणी! घरातच खोट निघाली तर कुणीच कुणाचं मन मोडलं असं होणार नाही. तुमच्या ओळखीचा एखादा इंजिनिअर सांगा. कडक हवा. प्रत्येक भिंत पडायला आलीये असं ज्याला वाटतं, असा बघा.

आपला,
जावई


२५ जानेवारी

दादा,

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं आणि हे लगेच तपासणीला तयार झाले. इतके लगेच, की मला नवलच वाटलं. मी डॉक्टरांना फोन केला. ते चिडले, मग म्हणाले, या घेऊन कुणाला आणायचंय त्याला, माझं घर कुणाच्या बापाला घाबरत नाही.

आता खरं सांगते. दुकानात बसून लिहितेय, शटर अर्धं ओढलंय. माझी शपथ आहे तुला, ह्यांना ह्यातलं अक्षर कळता कामा नये.

मला ते घर नको रे.

पेपरात मी घर बघतच नव्हते. त्या फोटोच्या शेजारी शिवणयंत्राची जाहिरात होती. जाड कापड शिवणारं, वापरलेलं, चालू स्थितीतलं. जाड पडदे, गाद्यांच्या खोळी, गाड्यांच्या सीटची कव्हरं, किती कामं मी परत पाठवते ती सगळी घेता आली असती. ते कोपऱ्यात बसेल की दाराजवळ, ह्याचा हिशेब करत बसले होते. मागून ह्यांचा आवाज आला, "छान आहे, बघून यायचं का?" मी म्हटलं, हो! मान वर करते तर ह्यांचं बोट घराच्या फोटोवर. आणि चेहरा असा उजळलेला, की मला बोलवेना.

गुडघ्यांचं म्हणशील तर मी कुरकुरते, पण कुरकुरायला जिना तर हवा ना! त्या जिन्यावर मला रोज अर्धी बिल्डिंग भेटते. तिथे त्या अंगणात मी उभी राहिले आणि दुकान बंद करतानाचा दिवस डोळ्यांसमोर आला. डोळ्यांत पाणी आलं. ह्यांच्या लक्षात आलं नाही, नशीब माझं.

पण निवृत्त झाल्यापासून हे मिटल्यासारखे झालेत, दादा. कशात लक्ष नाही. पहिल्यांदा त्या घरात खुललेले पाहिले. मी नाही म्हटलं तर पुन्हा मिटतील. तेव्हा मी नाही म्हणणार नाही. घरानेच नाही म्हणावं. तुझ्या ओळखीत कुणी कडक इंजिनिअर असेल तर कळव.

आणि घर ठणठणीत निघालं तर? तर मी बयाणा देईन. हसत देईन. तू त्या दिवशी येऊ नकोस फक्त.

चिमी


२ फेब्रुवारी

जावईबापू,

वचन दिलं आहे, पाळतो. पण मोठी गोष्ट बोलायची असताना तोंड शिवून बसण्याची माझी ही पहिलीच वेळ. हा जुलूम आहे, आणि जुलमापुढे मी फार काळ गप्प बसलो असं आजवर घडलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कडक इंजिनिअर मागितलात. बाई आहेत. आमच्या युनियनच्या सभागृहाची गॅलरी त्यांनीच तपासली होती. पत्ता सोबत आहे, त्यांच्याशी मी बोललो आहे. त्या आल्या की भिंती दाखवून स्वस्थ बसू नका. मनात असेल ते त्यांना विचारा. सगळ्यांसमोर नको वाटलं तर बाजूला नेऊन विचारा, पण विचारा.

त्याआधी एक फुकटचा सल्ला. बायकोला विचारा. एका वाक्याचं काम आहे. नाही जमत? मग बाई आहेतच.

दादा


२ फेब्रुवारी

चिमे,

तुझी शपथ पाळतोय आणि त्यामुळे मला अन्न गोड लागत नाहीये. लोकांना मी मालकापुढे तोंड उघडायला शिकवलं. नवऱ्यापुढे तोंड उघडायला तुला कोणती युनियन काढून देऊ?

एक इंजिनिअर बाई पाठवतोय. कडक आहेत, तुला हव्या तेवढ्या. त्यांना जे विचारायचं ते विचार. माळ्यावर विचार, विहिरीत उतरून विचार, कुठेही विचार. मनात ठेवू नकोस.

आणि त्याआधी जावईबापूंना एकदा विचारून बघशील? नाही. मला उत्तर माहीत आहे.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

घर ठणठणीत निघालं.

आता बस आणि पुढचं वाच. मला हसू आणि रडू एकदम येतंय, त्यामुळे अक्षर सांभाळून घे.

रात्रीच्या बसने निघून आम्ही सकाळी पोचलो तेव्हा डॉक्टर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात उभे होते, जसं काही त्यांनाच तपासायचंय. तुझ्या बाई आल्या. पायात चिखलाचे बूट, खांद्यावर दोरखंड, हातात हातोडी. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट भिंतीजवळ. डॉक्टर मागेमागे.

"तुम्ही जरा बाजूला व्हा," बाई म्हणाल्या.

"माझं घर आहे!"

"म्हणूनच."

डॉक्टर हळूच म्हणाले, "गाय तपासताना मीही मालकाला बाजूला करायचो."

"मग तुम्हाला समजतंय."

दिवसभर चाललं. गिलाव्यावर हातोडीने टकटक करून कान लावायच्या. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघितलं. माळ्याच्या तुळया जिथे भिंतीत शिरतात तिथे टोच्या खुपसून पाहिला. म्हणाल्या, लाकूड मरतं ते इथे, मध्ये नाही. भिंतीशी खणून पाया उघडा केला. मागच्या खिडकीवर एक लांबलचक भेग आहे, वेडीवाकडी, बघूनच धडकी भरेल अशी. ती दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. ह्यांच्याकडे पाहिलं तर हेही तिच्याकडे टक लावून. मला वाटलं, बिचारे घाबरले.

बाईंनी तिच्यात बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "जुनी आहे. आतपर्यंत जुन्या रंगाचे थर शिरलेत, कडा बोथट झाल्यात. खिडकीवरचा दगड कधीकाळी थोडा बसला आणि थांबला. आता हलत नाही."

माझा शेवटचा आधार गेला. तेव्हा मी त्यांना माळ्यावर गाठलं आणि लाज सोडून एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "खाली सांगते." थोड्या वेळाने माळ्याच्या खिडकीतून पाहते तर हे त्यांना विहिरीजवळ घेऊन गेलेत आणि हलक्या आवाजात काहीतरी विचारतायत. मी मनात म्हटलं, झालं. राहायला कधी येता येईल ते विचारत असणार.

संध्याकाळी बाईंनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं. "पाया पक्का आहे. भिंती सरळ आहेत. थोडी कौलं बदला, मागच्या बाजूचं पन्हाळ निखळलंय ते बसवा, नाहीतर तिथे ओल धरेल. बाकी घर ठणठणीत. लेखी पाठवते."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. मी हसायचा प्रयत्न केला. हे पांढरेफटक पडले. आनंदाने, असं मला वाटलं!

"आणि आता प्रश्न," बाई म्हणाल्या. "माझी एक पद्धत आहे. कोपऱ्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यांसमोर देते. घरात राहतात सगळे, आणि मी एकाच्याच कानात सांगायचं, हे मला जमत नाही. त्यातून फार भांडणं पाहिलीत."

मी म्हटलं, "राहू द्या हो बाई, माझा काही तेवढा..."

"नाही, प्रश्न चांगला होता."

हे म्हणाले, "माझा तर तुम्ही विसरूनच जा."

"तुमचाही चांगला होता. मॅडमनी माळ्यावर विचारलं, लाकडाला वाळवी लागलीये असं लिहिता येईल का, म्हणजे साहेबांचा बेत आपोआप बारगळेल. उत्तर, नाही. लाकूड कोरडं आहे. साहेबांनी विहिरीजवळ विचारलं, खिडकीवरची भेग जरा वाढवून सांगता येईल का, म्हणजे मॅडमचं मन न दुखवता सुटका होईल. उत्तर, नाही. भेगा मी मोजते, वाढवत नाही."

डॉक्टरांच्या कुत्र्याने तेवढी जांभई दिली.

मग हे म्हणाले, "तुला नकोय हे घर?"

"तुम्हाला नकोय?"

"मला कधी हवं होतं!"

"मग आढ्याकडे काय बघत होतात एवढं?"

"इथे मरावं लागणार म्हणून बघत होतो!"

"आणि बसमध्ये हात धरला तो?"

"तुला धीर यावा म्हणून." थांबले. "नाही. मला यावा म्हणून."

दादा, मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि इतकी हसले की मला उचकी लागली. हेही हसत होते आणि रुमालाने डोळे पुसत होते. कितीतरी महिन्यांत ह्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. छातीवरून कुणीतरी धोंडा उचलून नेला असं वाटलं.

आणि मग डॉक्टर उठले. "म्हणजे तुम्ही दोघांनी ही बाई आणली ती माझं घर नापास करायला? माझ्या आजोबांचं घर?"

आमचं हसू तिथेच विरलं. खरंच होतं ते. हे पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, चूक आमची. दोघांच्याही तोंडाला कुलूप होतं आणि ते फोडायला आम्ही तुमच्या भिंतीवर हातोडी मारली."

"पण घर पास झालंय," बाई बूट झटकत म्हणाल्या.

डॉक्टर भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "ते मला माहीतच होतं. पण तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. तो अहवाल पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला मला मिळेल का?"

"मूळ कागदच तुमच्याकडे पाठवायला सांगतो," हे म्हणाले, "आणि शिडी कुठे आहे?"

दादा, ह्यांनी बाह्या सरसावल्या आणि अंधार पडेपर्यंत मागचं पन्हाळ बसवलं. वरून डॉक्टरांना ओरडून सांगत होते, हा बोल्ट कुठल्या गाढवाने लावला. डॉक्टर खालून म्हणाले, मी. दोघांचं छान जमलं.

आता सांग. तुला दोन्हीकडचं माहीत होतं ना?

चिमी


२६ फेब्रुवारी

चिमे,

माहीत होतं! दोन्ही पत्रं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडली होती आणि मी पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरत होतो. वचन मी मोडलं नाही. फक्त माणूस नीट निवडला. गॅलरीच्या वेळी आमच्या चिटणिसाने त्याच बाईंना जिन्याखाली गाठून विचारलं होतं, की दुरुस्ती निवडणुकीपर्यंत पुढे ढकलता येईल का. त्यांनी उत्तर दिलं ते भरसभेत. चिटणीस आठवडाभर कुणाला दिसला नाही.

पण ऐक. मी आयुष्यभर दुष्टपणाशी लढलो. त्याचे डावपेच मला पाठ आहेत. चांगुलपणाशी कसं लढायचं हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. एकमेकांना सुख मिळावं म्हणून दोन भली माणसं एकमेकांना डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडायला निघाली होती, हसत हसत! कुठल्याही मालकाने तुमच्यावर एवढा जुलूम केला नसता. केला असता तर तुम्ही संप केला असता. माया करा, भरपूर करा, पण मायेच्या नावाखाली समोरच्याच्या वतीने उत्तरं देऊ नका. त्याला स्वतःचं तोंड आहे.

भाषण संपलं. फार बरं वाटतंय. कालपासून दोन वेळा पोटभर जेवलो.

दादा


१५ मार्च

दादा,

सप्रेम नमस्कार. पत्राची सुरुवात मी करतोय, शेवट ही करणार आहे.

इथे सगळं क्षेम आहे, फक्त खरं बोलण्याची साथ आली आहे. मी सकाळी म्हणतो ती गाणी हिला कधीच आवडली नव्हती असं कळलं. मीही सांगून टाकलं की हॉलमधल्या हिरव्या पडद्यांनी मला मळमळतं. पडदे हिनेच शिवलेले. दोन दिवस अबोला झाला, मग पडदे उतरले आणि गाणी थांबली.

ते शिवणयंत्र आणलं. "चालू स्थितीत" म्हणे! मी सगळं खोलून तेलपाणी केलं, आता वाघासारखं चालतंय. ते बघून गल्लीतल्या बायका आपापली यंत्रं घेऊन येतात, तेव्हा दुपारी मी दुकानात बसतो. दोस्तांना ते पसंत नाही, कँटीनऐवजी तेच इकडे येऊन बसतात.

डॉक्टरांचा फोन आला होता. मधमाश्या पाळणाऱ्या एका जोडप्याला घर पसंत पडलंय. डॉक्टरांनी त्यांना तो अहवाल स्वतः मोठ्याने वाचून दाखवला आणि मग दोघांना वेगवेगळं बाजूला नेऊन विचारलं, "तुम्हाला खरंच हवंय ना?" दोघंही हो म्हणाले. डॉक्टर पुढच्या आठवड्यात मुलीकडे जातायत.

आता लेखणी हिच्याकडे देतो.

*

दादा, हे ह्यांच्यासमोर, मोठ्याने वाचत लिहितेय.

आमच्या खालची, दुसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी होतेय. वहिनी जाऊन आता बराच काळ झाला. तुला एकटं राहायला आवडतं, पुस्तकं आणि शांतता मिळाली की तुला दुसरं काही लागत नाही, असं आम्ही धरून चाललोय. तू तसं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. आणि आम्ही विचारलंही नाही. तुला कसं विचारणार? तू सगळ्यांना विचारतोस, तुला कोण विचारणार?

म्हणून विचारते. आमच्या खाली राहायला यायला तुला आवडेल का? आम्हाला आवडेल. दोघांनाही. मी ह्यांना विचारलं, आणि ह्यांनी मला विचारलं.

नको असेल तर नको म्हण. राग येणार नाही.

चिमी


२९ मार्च

चिमे,

उत्तराला उशीर झाला, कारण दोन पत्रं लिहून फाडली.

पहिल्यात नको म्हणालो होतो. कारणं उत्तम होती. इथलं वाचनालय, इथल्या सभा, म्हाताऱ्या माणसाने स्वतंत्र राहावं हे माझं जुनं मत. सवयीने मोठ्याने वाचून पाहिलं. चांगलं वठलं होतं. मग लक्षात आलं की ऐकायला खोलीत कुणीच नाही.

दुसऱ्यात लिहिलं होतं की तुम्हाला माझी अडचण होईल. म्हणजे तुमच्या वतीने मीच उत्तर देऊन मोकळा झालो. तेही फाडलं.

तुझी वहिनी गेल्यापासून मी संध्याकाळी रेडिओशी वाद घालतो. तो ऐकून घेत नाही आणि उलट बोलतही नाही. मला ते आवडत नाही. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

हो. येतो.

पुस्तकं फार आहेत. किती आणू ते खरं कळवा. जावईबापूंना वेगळं विचार, आणि ते "दादांच्या मर्जीप्रमाणे" म्हणाले तर ते उत्तर धरू नकोस. परत विचार.

दादा